दाराला बांधलेला सूर्य

शालिग्राम पेंटरच्या पोरीचं ठरत आलेलं लग्न अडलं ते पत्रिकेपायी नाही, की कोणाच्या फाटक्या तोंडापायी नाही. ते अडलं दोरापायी. आणि दोर बांधणारा कोण, तर खुद्द शालिग्राम. दुसऱ्या कोणी बांधला असता तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इथं तीही सोय नव्हती.

साखरखेर्ड्याहून मेहकरच्या अंगाला निघालं की डाव्या हाताला एक मुरमाड वाट फुटते. तिच्या टोकाला कोनडवाडी. मधोमध चौक, चौकाच्या चारी अंगांना घरं, आणि सगळ्यांची दारं चौकातच उघडणारी. एका घरात फोडणी करपली की समोरच्या घरात खोकला सुरू. महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि जिल्हा परिषद तर कोरी करकरीत होती. सभापती म्हणून एक माणूस असतो आणि तो जीपमधून येतो, एवढं गावाला नुकतंच कळलं होतं. चौकाच्या कोपऱ्यात ग्रामपंचायतीची दोन खोल्यांची नवी इमारत झाली होती, तिच्या उद्घाटनाला तो येणार होता.

सरपंच उत्तमराव मधे बुलढाण्याला जाऊन आले होते. तिथं कुठल्याशा सभेत त्यांनी खुर्चीमागं टांगलेला पडदा पाहिला. मधे सूर्य, आणि त्याच्यातून चहूकडं पिवळेतांबडे किरण सुटलेले. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यातूनच ते निघताहेत असं वाटायचं. उत्तमराव आले ते पडदाच डोक्यात घेऊन आले.

"मानूस तसा आपल्यासारखाच व्हता," ते पारावर सांगत होते, "पन मांगं किरणं असल्यानं देवावानी दिसून राह्यला व्हता. आपल्याले तसाच पडदा पायजे. किरणाबिगर उद्घाटन नाई."

सगळ्यांनी शालिग्रामकडं पाहिलं. शालिग्राम घरचा माळी, वांग्यामिरच्यांचे चार वाफे होते, पण जीव सगळा रंगात. बाजारातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या, पोळ्याला बैलांची शिंगं त्याची, गावच्या नाटकाचे जंगल आणि राजवाडा हे दोन्ही पडदे त्याचेच. किरण त्यानं बापजन्मात काढले नव्हते. तरी तो "काहाडतो ना" म्हणाला, कारण तिथं पुंजाजी बसला होता.

पुंजाजी म्हणजे चौकात शालिग्रामच्या नेमका समोरचा. तोही माळीच, पण विहिरीचं पाणी बारमाही आणि स्वभाव गरीब. त्याचा निवृत्ती आणि शालिग्रामची चांगुणा यांचं जुळत आलं होतं. आडनावं वेगळी, कुळी वेगळी, पोरापोरीला पसंत, कशातच खोट नव्हती. उद्घाटनाची गडबड उरकली की सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. निवृत्ती तर आत्तापासूनच शालिग्रामला "मामा" म्हणायला लागला होता. येता-जाता "काय मामा, जेवले का?" एवढंच विचारायचा, पण शालिग्रामला दिवसभर तेवढं पुरायचं.

तर पडदा. सोजराबाईनं, म्हणजे शालिग्रामच्या बायकोनं, मांजरपाटाचे पट्टे जोडून भलं मोठं कापड शिवलं. घरात ते मावेना म्हणून चौकातच अंथरलं, खळ देऊन वाळवलं, आणि शालिग्रामनं त्याच्या मधोमध, कापडातून आरपार, जमिनीत लोखंडी खुंटी ठोकली. हा सूर्य. आता इथून किरणांच्या रेघा मारायच्या. रेघ मारायची रीत त्याला ठाऊक होती: दोर गेरूत भिजवायचा, ताणून बांधायचा, मधे चिमटीत धरून उचलायचा आणि सोडून द्यायचा. कापडावर तांबडी सरळ रेघ उमटते. पण ताणायला कडेला ठोकलेल्या खुंट्या मुरमात टिकेनात, एक ओढ दिली की उपटून हातात. मग त्याला सुचलं की चौकटी आहेतच की चारी बाजूंना. दोराचं एक टोक एका दाराच्या चौकटीला बांधायचं, दोर सूर्याच्या खुंटीवरून घ्यायचा आणि दुसरं टोक समोरच्या दाराला. एका दोरात दोन रेघा. शालिग्राम स्वतःवरच खूश झाला.

पहिलं दार निघालं गोजरबाईचं. गोजरबाई गावातली सगळ्यात म्हातारी. सुतक कोणाला किती, उपास कशानं सोडायचा, कोणती सोयरीक चालते आणि कोणती नाही, हे सगळं तिला विचारायचं. पंचांग साखरखेर्ड्याला होतं, गोजरबाई हाताशी होती.

"काय बांधून राह्यला रे शालिग्राम?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"सुर्व्याची किरणं काहाडतो, मोठीमाय. थो तिकून दोर येते, थो दाराले बांधा लागते."

"म्हंजे सुर्व्याचा दोर माह्या दाराले?"

शालिग्राम घाईत होता. तो "हाव" म्हणाला. तिथंच चुकलं सगळं. म्हातारी आत गेली, करंडा घेऊन आली, गाठीला हळदीकुंकू वाहिलं आणि हात जोडले. रेघ मारून झाल्यावर शालिग्राम गाठ सोडायला आला तर तिनं त्याचा हात धरला.

"वाह्यलेलं सूत हाये. आता हे सुटत नसते अन् कापत नसते. अन् ढिलं बी पडू द्यायचं नाई."

बरं, म्हातारीचं मन कशाला मोडा, म्हणून शालिग्रामनं दुसरा दोर घेतला. तोवर बातमी चौकभर झाली होती. सूर्याचा दोर गोजरबाईच्या दाराला आला आणि आमच्या दाराला काऊन नाही, असं प्रत्येक घर विचारायला लागलं. शालिग्रामच्या मनात मोजके, रुंद, ठसठशीत किरण होते. पण एका घराला नाही म्हणायचं म्हणजे त्या घराशी जन्माचं वाकडं. किरण दाराला एक या हिशेबानं वाढत गेले आणि बारीक होत गेले. दोर ज्याचे त्यानं आणले. कोणी बैलाचा कासरा आणला, कोणी चऱ्हाट, एका बाईनं पोराला खाली ठेवून पाळण्याचा दोर सोडून आणला. आणि कापायचा मात्र कोणाचाच नाही, कारण उद्या लागतो. मग उरलेला दोर शालिग्राम खुंटीभोवतीच गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता खुंटी दिसेनाशी झाली आणि तिथं मडक्याएवढा दोरांचा गुंडा तयार झाला.

चौकाचं काय झालं ते सांगायलाच नको. दारांपाशी दोर कंबरेएवढे उंच, मधे जमिनीला टेकलेले. घागर घेऊन चाललेल्या बाया एक दोर ओलांडायच्या, दुसऱ्याखालून वाकायच्या. गाड्या गावाबाहेर सोडाव्या लागल्या. एक म्हैस सकाळी मधे शिरली ती दुपारपर्यंत तिथंच विचार करत उभी राहिली. आणि शालिग्राम सगळ्या दोरांखाली पालथा पडून सरपटत किरण भरत होता, एक पिवळा, एक तांबडा.

शेवटी दोन दारं उरली. एक पुंजाजीचं, एक त्याचं स्वतःचं. नेमकी समोरासमोर. शालिग्रामला भरून आलं. बाजेसाठी आणलेला नवाकोरा सुती दोर त्यानं काढला आणि त्याला गेरूसुद्धा लावला नाही, खडूवर भागवलं. एक टोक आपल्या चौकटीला, दोर सूर्यावरून, दुसरं टोक पुंजाजीच्या चौकटीला. आपल्या दाराची गाठ तर त्यानं अशी मारली की बैल जुंपला तरी हलू नये. सोजराबाईला हौस आली. तिनं नुसत्या गाठीलाच नाही, तर हात पोचेल तिथवर सगळ्या दोराला हळद फासली. पलीकडून पुंजाजीच्या बायकोनं, विमलबाईनं, तेच केलं. दोर या दारापासून त्या दारापर्यंत पिवळाजर्द झाला. दोघी विहिणी मधे भेटल्या आणि हसल्या.

गोजरबाई काठी टेकत आली. तिनं एक टोक पाहिलं, दुसरं टोक पाहिलं, आणि मटकन ओट्यावर बसली.

"काय केलं रे बाबा हे," ती म्हणाली. "एक सूत, एक टोक तुह्या घरी अन् एक त्याच्या. सुर्व्याच्या साक्षीनं बांधलं. इकून पोरगी, तिकून पोरगा. राखी याच्याऊन येगळी काय रायते? आता चांगुणा अन् निवृत्ती भाऊ-बहीन झाले."

शालिग्रामला आधी हसू आलं. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं तर कोणीच हसत नव्हतं. विमलबाईनं पदर तोंडाशी नेला होता.

"मोठीमाय, असं कसं," तो म्हणाला. "रामरावचं घर अन् त्याची सासरवाडी समोरासमोरच हाये. त्याइच्या दाराले बी एकच दोर हाये. मंग ते नवरा-बायको काय झाले?"

गोजरबाईनं डोळे मिटून विचार केला. ती कोणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हती. जे खरं वाटेल ते सांगायची, एवढाच तिचा गुन्हा.

"त्याइचं लगन पह्यले झालं, दोर मंग आला. चालते त्याइचं."

रामराव दारात उभा राहून ऐकत होता. तो आत गेला, आणि त्याचं तोंड काही फार आनंदलेलं दिसलं नाही म्हणतात.

संध्याकाळी पुंजाजी वाकत, दोर ओलांडत शालिग्रामच्या ओट्यावर आला. मग पुंजाजी म्हणाला, "माह्या मनात काई नाई गड्या. पन उद्या लेकरं झाले तं लोकं म्हनतीन, भाऊ-बहिनीचे हायेत. आपून भाऊ झालो, एवढंच आता." आणि त्यानं आणलेला खण पुढं केला, पुतणीसाठी. सोजराबाई खण घेऊन चुलीपाशी गेली आणि रडली. दुसऱ्या दिवशी शालिग्राम दोरांखाली पडून रंग देत होता, तर वरून निवृत्ती ओलांडून चालला होता. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "काका, जरा हात सरकवा."

काका. खण चालला असता, पुंजाजीचं भाऊपणही शालिग्रामनं पचवलं असतं. पण त्या काकानं त्याचा ब्रश चुकला आणि पिवळ्या किरणात तांबडा ठिपका पडला. तो ठिपका पुढं कोणालाच दिसला नाही, पण शालिग्रामला रोज दिसायचा.

चांगुणा रंग कालवून द्यायची. ती रडली नाही, भांडली नाही. तांबड्यात तेल ओतत तिनं एवढंच म्हटलं, "बाबा, सुर्व्या तुमीच उगवला. आता त्याचं काय करता ते पाहा."

"कापत नाई म्हनते ना ते सूत."

"माले निवृत्तीसंगच लगन करा लागते," ती म्हणाली, आणि वाटी त्याच्यापुढं सरकवली.

त्या दुपारी शालिग्राम विळा घेऊन आपल्याच दारापाशी बसला. चौक सामसूम होता. त्यानं दोराला विळा नुसता टेकवला. पण दोर गेला होता गुंड्यात, आणि गुंड्यात सगळ्या गावाचे दोर. त्यानं बोटभर ओढ दिली आणि चौकातल्या एकूण एक दाराची कडी वाजली. सगळ्या उंबऱ्यांत माणसं उभी राहिली. शालिग्राम विळ्यानं उंबऱ्यापाशी नसलेलं गवत खुरपायला लागला.

पडदा पुरा झाला आणि उद्घाटनाचा दिवस उजाडला. सकाळी उत्तमराव चार गडी घेऊन पडदा टांगायला आले, आणि तेव्हा कुठं गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावर सगळीकडून दोर. पडद्याच्या मधून खुंटी. खुंटीवर गुंडा. दोर सोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, ढिले पडू द्यायचे नाहीत. मग पडदा उचलायचा कसा? उत्तमरावांनी डोक्याला हात लावला.

"शालिग्राम, तू पडदा उभा राह्यल असा काऊन नाई केला?"

"सरपंच, सुर्व्याले गावानं बांधलं. म्या एकट्यानं नाई."

तेवढ्यात वेशीवर जीप वाजली. सभापती चांगला जाडजूड, पांढऱ्या धोतरातला, घामाघूम माणूस. जीप आत येईना, म्हणून तो चालत आला. पहिला दोर त्यानं ओलांडला, दुसऱ्याखालून वाकला, तिसऱ्याला धोतराचा सोगा अडकला. सनईवाले वाजवत होते. हार घातले, नारळ फुटला, आणि मग सभापतींनी विचारलं की तो किरणांचा पडदा कुठं आहे, कारण उत्तमरावांनी त्यांना पत्रातून त्याचं फार वर्णन केलं होतं.

"तुमच्या पायाखाली हाये साहेब," उत्तमराव म्हणाले.

सभापतींनी खाली पाहिलं. मेहकरहून आणलेला फोटोवाला इतका वेळ डोकं खाजवत होता. तो पुढं आला.

"साहेब, एक होऊ शकते. पडदा मांगं पाहिजे ना? तुमी पडद्यावर उताने निजा. मी माळवदावर चढतो अन् वरून फोटो काढतो. फोटोत तुमी उभेच दिसान. खाली कागद धरल्यावर कोनाले काय समजते?"

सभापतींनी थोडा विचार केला. मागं किरणं, गळ्यात हार, फोटो पंचायतीच्या भिंतीवर जन्मभर. ते म्हणाले, "बरं." मोठी माणसं उगाच मोठी होत नाहीत. दोर उचलून धरले गेले आणि सभापती त्यांच्याखाली सरकून पडद्यावर आडवे झाले. गळ्यात हार घालून उताणा पडलेला माणूस पाहिल्यावर दोघीतिघी बायांना सवयीनं हुंदका आला. गोजरबाईनं त्यांना दटावलं आणि सभापतींना सांगितलं, "बाबू, पाय दक्षिनेकडे नोको करू." मग चार गड्यांनी सभापतींना धरून पडद्यावरच फिरवलं.

माळवदावरून फोटोवाला ओरडला, "डोकं सुर्व्यावर पाहिजे. त्या गुंड्यानं मान वाकडी दिसून राह्यली."

गुंडा काढायचा म्हणजे खुंटी काढायची. सगळ्यांनी गोजरबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "गाठी दाराले हायेत. खुंटी शालिग्रामची हाये, त्याची त्यानं नेली तं माह्यी ना नाई. पन सूत ढिलं पडू द्यायचं नाई. भर दुपारी सुर्व्या बुडाला तं गावाले चांगलं नाई."

म्हणजे खुंटीच्या जागी कोणीतरी उभं राहून दोर ताणून धरायला पाहिजे. उत्तमरावांनी विचारलं, कोण राहतो? आपापल्या दोराचा मान सगळ्यांना हवा होता, पण गावाचे दोर अंगावर घ्यायला कोणी पुढं येईना. मग चांगुणा उठली. लुगड्याचा काष्टा नीट केला, दोर ओलांडत मधे गेली आणि सभापतींच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

"मी रायते उभी," ती म्हणाली. "काढा बाबा खुंटी."

शालिग्रामनं खुंटी उपटली. गुंडा सुटला, आणि तो सैल पडू नये म्हणून शालिग्राम भराभर एकेक दोर पोरीभोवती गुंडाळायला लागला, जसे खुंटीभोवती गुंडाळले होते तसेच. पण खुंटी जमिनीत होती आणि पोरगी जमिनीवर. एका अंगाला कासरे जास्त, एका अंगाला कमी. चांगुणा कलायला लागली. ती सभापतींवरच पडणार असं दिसलं, तसा निवृत्ती दोरांवरून उड्या मारत आला, तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला आणि पाय रोवले. दोघं मिळून चांगली भक्कम खुंटी झाली.

शालिग्रामचे हात चाललेच होते. चऱ्हाट दोघांभोवती, कासरा दोघांभोवती, पाळण्याचा दोर दोघांभोवती. हात पुढं होते, डोकं मागून येत होतं. सगळे दोर झाले आणि हातात उरला शेवटचा, बाजेचा, पिवळाजर्द. तो घेऊन तो पहिला वळसा घालायला गेला आणि थांबला. हळदीचं सूत. पोरगा-पोरगी मधे उभी. भोवती सूत फिरतंय. हे त्यानं कुठं पाहिलं होतं? अरे, प्रत्येक मांडवात पाहिलं होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याच्या आणि सोजराबाईच्या भोवती असंच सूत फिरलं होतं, त्याचीच मग कंकणं झाली होती. त्यानं चांगुणाकडं पाहिलं. चांगुणा त्याच्याकडंच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काहीतरी होतं की हिला हे उठतानाच ठाऊक होतं की काय, अशी त्याला शंका आली.

मग त्यानं घाई केली नाही. पिवळा दोर त्यानं दोघांभोवती सावकाश फिरवला, सगळ्या चौकाला दिसेल असा, वळशावर वळसा. दोर संपला तेव्हा तो मोठ्यानं बोलला.

"मोठीमाय, तुमाले एक विचारतो. राखीच्या दोराले हळद फासतेत का कधी?"

"नाई फासत," गोजरबाई म्हणाली.

"अन् पोरापोरीले मधात उभं करून हळदीचं सूत भवताल फिरवलं, तं त्याले काय म्हनतेत?"

सनईवाल्यानं पिपाणी तोंडातून काढली. गोजरबाई दोघांकडं बघत राहिली, मग दोराकडं, मग आकाशाकडं. खरं ते सांगायचं, एवढाच तिचा गुन्हा होता, आणि तो तिनं पुन्हा केला.

"लगन म्हनतेत," ती म्हणाली. "आता पाहाता काय? अक्षदा आना."

मग जी धांदल उडाली ती उडाली. घरोघरची ज्वारी कुंकवात लाल झाली. सभापतींच्या गळ्यातले हार काढून नवरानवरीच्या गळ्यात घातले. सनई तयारच होती, बुंदीही उद्घाटनाची होतीच. सभापतींनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, पण वर सगळं गाव ताणलेलं होतं, त्यांना उठता येईना. मग त्यांनी पंचवार्षिक योजनेवरचं भाषण निजूनच केलं, आणि शेवटी वधूवरांना आशीर्वादही निजूनच दिला. पंचायतीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं की नाही, हे आजपर्यंत नक्की सांगता येत नाही. फोटो मात्र निघाला. त्यात सभापती उभे आहेत, मागं किरणं आहेत, आणि त्यांच्या डोक्यातून एक नवरानवरी उगवली आहे.

एका माणसानं शंका काढली की शेवटचे दोनचार वळसे सभापतींच्या गळ्यावरूनही गेले होते, मग त्यांचं काय? गोजरबाईनं तेही सोडवलं.

"तो आडवा व्हता. आडव्या मानसाचं काई होत नाई."

पुंजाजीनं शालिग्रामला मिठी मारली आणि भाऊपण तिथंच मिटवलं. पण दोर होतेच. चौक अडलेला, म्हशी अडलेल्या, एका पोराचा पाळणा जमिनीवर. त्याचाही निकाल म्हातारीनंच दिला. लग्न लागलं म्हणजे हे दोर आता कंकणं झाली. कंकण कापत नाहीत, पण सोडतात. नवरानवरीनं सोडायचं, एका हातानं. मग शालिग्रामनं दोघांभोवतीचे वळसे उलगडले, सभापतींनाही उठवलं, आणि त्याच दुपारी चांगुणा आणि निवृत्ती दारोदार फिरले. तिनं एका हातानं गाठ सैल करायची, त्यानं एका हातानं ओढायची. प्रत्येक दारात हसणं, चिडवणं, उखाणे. कासरे बैलांकडं गेले, पाळणा वर चढला, म्हैस घरी गेली. पडदा मोकळा झाला, पण ज्यांच्या मागं तो टांगायचा ते सभापती तोवर निघून गेले होते, म्हणून उत्तमरावांनी घडी घालून ठेवला.

फिरत फिरत दोघं शेवटी शालिग्रामच्या दाराशी आले. पुंजाजीकडचं टोक सुटलं होतं, पिवळा दोर चौकभर लोळत होता. इथली एकच गाठ राहिली होती. शालिग्राम उंबऱ्यात उभा होता.

"मामा, जरा सरका," निवृत्ती म्हणाला.

शालिग्राम सरकला. चांगुणा खाली बसली, एक हात पाठीमागं घेतला आणि दुसऱ्यानं गाठीशी झटायला लागली. गाठ हलेना. बैल जुंपला तरी हलू नये अशी त्यानंच मारली होती. गाठ सुटली की तिला समोरच्या दारात न्यायचं होतं, विमलबाई तिकडं माप मांडून उभी होती. चार पावलांवरचं घर, रोज दिसणारं दार, भाजी करपली तर वास येणारं. तरी शालिग्रामला वाटलं, नाहीच सुटली ही गाठ तर काय बिघडतं? इतके दिवस हाच दोर सुटावा म्हणून तो तळमळत होता, आणि आता त्याच्या मनात आलं की आणखी थोडा घट्ट बांधायला हवा होता.

चांगुणाचं नख तुटलं. तिनं वर पाहिलं.

"बाबा, तुमची गाठ हाये. माह्यानं एका हातानं सुटत नाई."

शालिग्रामनं गोजरबाईकडं पाहिलं. म्हातारी दुसरीकडं बघायला लागली. मग तो पोरीशेजारी खाली बसला, आपलाही एक हात पाठीमागं घेतला आणि दुसरा गाठीला लावला. एक हात तिचा, एक त्याचा. गेरू आणि हळदीनं दोघांचीही बोटं रंगली होती. दोघांनी मिळून ती गाठ सोडवली, पण त्याला बराच वेळ लागला, आणि शालिग्रामनं मुद्दाम घाई केली नाही.